उंबरटेंभीचा विक्रमी पाऊस

उंबरटेंभी हे गाव आता जुन्या जागी नाही. लोणावळ्याच्या दक्षिणेला दोन डोंगर ओलांडल्यावर जे खोरे लागते, त्याच्या तळाशी ते होते. आज तेथे तलाव आहे. पावसाच्या जुन्या तक्त्यांत मात्र गावाचे नाव शिल्लक आहे आणि नावापुढे एक मोठा आकडा: सन १९१४, एकशे शहाण्णव इंच चाळीस सेंट; सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा हिस्सा. आधीच्या दोन वर्षांच्या जवळजवळ दुप्पट. खाली बारीक अक्षरांत शेरा आहे: असाधारण वर्ष.

ते वर्ष असाधारण नव्हते.

१९१२ च्या वैशाखात वीज कंपनीची माणसे खोऱ्यात आली. विजेसाठी तलाव बांधायचा होता, आणि त्याआधी तेथे पाऊस किती पडतो हे पाहायचे होते. महिपतीच्या घरामागे, झाडांपासून लांब, त्यांनी पर्जन्यमापक बसवला. जमिनीत पुरलेला डबा, डब्यात बाटली, वर पाच इंच तोंडाचे नरसाळे. गावाने सगळ्या यंत्रालाच नरसाळे म्हणायला सुरुवात केली. महिपती मराठी चौथी शिकलेला होता, म्हणून रोज सकाळी आठ वाजता बाटलीतले पाणी खुणांच्या काचेच्या पेल्यात ओतून आकडा लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. घड्याळही कंपनीनेच दिले. तीन पावसाळे मोजायचे आणि मग ठरवायचे, असे हमीदने सांगितले. हमीद लोणावळ्याचा, कंपनीचा शिपाई. दर पंधरवड्याला आकड्यांचा कागद न्यायला तो डोंगर उतरून येई.

गावाच्या वर, खडकांवर, डांबराच्या खुणा केल्या होत्या. पाणी तिथवर चढणार होते. देवळाचा कळस त्या खुणांच्या बराच खाली होता.

आषाढ निम्मा झाला तेव्हा हमीद आला तो वाऱ्याने उलटी झालेली छत्री बगलेत धरून. ओट्यावर चढला आणि टोपी पिळत म्हणाला, “महिपतराव, साहेब तुमच्यावर जाम खूश. म्हणतो, या खोऱ्यात पाऊस नाही, चांदी पडते.”

गावातला सगळ्यांत वडील माणूस कोंडाजी तिथेच तंबाखू मळत बसला होता. “चांदी पडती व्हय?” तो म्हणाला. “मंग ती येचायला आमी ऱ्हानार हाव का न्हाई?”

“आबा, मी शिपाई माणूस. मी कागद नेतो.”

“न्या की. जपून न्या. कागूद भिजला तर तुमच्या सायबाची चांदी वाहून जायाची.”

हमीद हसला. कोंडाजी हसला नाही. हमीद डोंगराच्या वळणाआड गेल्यावर कोंडाजीने तंबाखू खाली टाकली.

“महिपती, पाऊस कमी भरला तर तळं कशापायी बांदतील? जरा कमी भरू दे.”

“आबा, मी खोटं लिवनार न्हाई.”

“खोटं लिव आसं कोन म्हंतं? गवळी दुधात पानी घालतो, हितं तर नुसतं काढायचं हाय. उरंल तेवढं मोज, आन् खरं लिव.”

शाळेतून महिपतीने आणलेली एकच विद्या म्हणजे अंक, आणि ते तो देवाच्या नावासारखे जपून लिही. तो म्हणाला, “माज्या हातनं न्हाई हुनार.”

“नगं होऊ दे. तू डोंगराकडं बघ.”

“म्या काढते,” दाराआडून त्याची बायको धोंडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तसे सुरू झाले. आठच्या सुमारास दोघे घरामागे जात. महिपती नरसाळ्याकडे पाठ करून डोंगराकडे तोंड करी. धोंडाबाई नरसाळे उचलून बाटली काढी आणि पितळेच्या गडूत पाणी ओतून घेऊन ते खाचरात टाकी. पावसाचा जोर जास्त असला तर ती आणखी गडू काढी. मग म्हणे, “झालं.” महिपती वळे, उरलेले पाणी पेल्यात ओती, डोळ्यांच्या पातळीवर धरी आणि जे दिसे ते लिही. शंभरावा हिस्साही चुकवत नसे. आपण लिहिलेला एकही आकडा खोटा नाही, असे तो मनाशी म्हणे, आणि ते खरेही होते.

हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही, असे वाटेल. पण घाटमाथ्यावर पाऊस थोड्या अंतरात फार बदलतो. लोणावळ्यात पडतो त्याचा जेमतेम चौथा हिस्सा तळेगावात पडतो, आणि मधला प्रवास आगगाडीने तासाभराचाही नाही. तेव्हा एका खोऱ्यात अपेक्षेच्या निम्माच पाऊस भरला, तर जाणता माणूस माप तपासत नाही, नकाशा काढतो. साहेबांनी नकाशा काढला. खोऱ्याच्या पश्चिमेला एक उंच कडा होता. कड्याच्या आडोशाला पाऊस कमी पडतो, हे शास्त्राला धरूनच होते. सुरुवातीच्या महिन्यातला मोठा आकडा त्या वर्षीच्या पहिल्या जोराचा म्हणून सोडून दिला गेला. चुकीच्या आकड्याला चांगले कारण मिळाले, आणि मग त्याला कोणी हात लावला नाही.

१९१३ चा सबंध पावसाळा असाच गेला. नवरात्रात कोंडाजीने देवळात नारळ फोडला. “कमी भरला,” तो ज्याला त्याला सांगत होता, “लय कमी भरला.”

दिवाळीला महिपतीची मुलगी रतन माहेरी आली. तिला खैरवण्याला दिली होती. पूर्वेचा डोंगर ओलांडला की खैरवणे. कडेला वर्षाची पोर होती. ओट्यावर टेकायच्या आधीच ती म्हणाली, “बा, आमच्याकडंबी आली ती मानसं. खाचरात निशानं लावल्यात. खडकाला डांबर फासलंय.”

“खैरवन्यात? तितं कशाला?”

तिला ते माहीत नव्हते. त्याच आठवड्यात हमीद पावसाळ्याचा शेवटचा कागद न्यायला आला. त्याने आधी रतनच्या पोरीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि मग सांगितले. बोलताना तो महिपतीकडे पाहत नव्हता.

“पाणी लागणार तेवढं लागणारच, महिपतराव. मशिनं विलायतेहून निघालीत. इथला पाऊस कमी निघाला, तर एका खोऱ्यात भागत नाही. म्हणून दोन घेणार. इथं एक तलाव, खैरवण्याला एक. मधला डोंगर फोडून कालवा.”

“आन् हितलं?” कोंडाजीने विचारले. “हितलं रद्द न्हाई?”

“रद्द कशाला, आबा? थोडं का होईना, पाणी आहेच की.”

अंगणात धोंडाबाई भांडी घासत होती. तिच्या हातात तोच गडू होता. तिने तो न घासताच खाली ठेवला.

हमीद कागद घेऊन गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “अवं, लोनावळ्याला जाऊ. जाऊन सांगू.”

“काय सांगनार?”

“काय केलं ते.”

दुसऱ्या दिवशी दोघे चालत गेले. कंपनीच्या कचेरीत साहेब नव्हते. ओव्हरसियर होता, पुण्याकडचा, चष्म्याचा, मवाळ माणूस. धोंडाबाईने पदरातून गडू काढून टेबलावर ठेवला आणि सगळे सांगितले. ती थांबल्यावर ओव्हरसियरने गडू पाण्याने भरला, ते पाणी मापाच्या पेल्यात पुन्हा पुन्हा ओतून पाहिले आणि म्हणाला, “एक इंच दहा सेंट. असे रोज किती काढत होतात?”

“पाऊस बघून. कदी येक, कदी दोन. लय आसला तर चार.”

“कोणत्या दिवशी किती?”

धोंडाबाईने नवऱ्याकडे पाहिले.

“म्या बघत न्हवतो, रावसाहेब,” महिपती म्हणाला.

“बघत नव्हता म्हणजे?”

“पाठ करून हुबा ऱ्हायचो. बगितलं आस्तं, तर लिवावं लागलं आस्तं.”

ओव्हरसियरने लेखणी खाली ठेवली. रागावला नाही. “चूक किती हे कळलं, तर ती दुरुस्त करता येते,” तो सावकाश म्हणाला. “रोज एक गडू म्हणाला असतात, तर मी आज बसून दोन वर्षांचे आकडे सरळ केले असते. कधी एक आणि कधी चार, याचं मी काय करू? साहेबांपुढे हे नेलं तर ते म्हणतील, आधी आपलं गाव वाचवायला पाणी कमी केलं, आता लेकीचं वाचवायला वाढवताहेत.”

“आमी खोटं न्हाई बोलत,” धोंडाबाई म्हणाली.

“मला ते दिसतंय, बाई. पण मला दिसून उपयोग नाही, आकडा पाहिजे.” मग, ती दोघे उठली तेव्हा, तो म्हणाला, “एक पावसाळा उरलाय. तो पुरता मोजा. थेंब इकडचा तिकडे होऊ देऊ नका. मी शब्द टाकून पाहीन.”

१९१४ च्या मृगापासून धोंडाबाई घरामागे फिरकली नाही. आठला महिपती एकटा जाई आणि नरसाळ्याकडे तोंड करून बसे. धार लागली की दिवसातून दोनदा बाटली रिकामी करी, ती ओसंडू नये म्हणून. पाऊस नेहमीसारखाच होता. ओढ्याचे पाणी दर वर्षी ज्या दगडापर्यंत चढे, त्याच दगडापर्यंत चढले. भाताची लावणी नेहमीच्याच वेळी झाली. फक्त कागदावरचे आकडे फुगत चालले.

कोंडाजीला ते कळले तेव्हा तो भर पावसात आला. ओट्यावर चढलाच नाही.

“महिपती, गावाला बुडवतोस व्हय रं?”

“आबा, आपलं बुडनारच हाय. रतनचं तरी वाचू द्या.”

“तुज्या लेकीपायी?”

“व्हय.”

म्हाताऱ्याने डोक्यावरचे पानांचे इरले सावरले. “आक्कल माजी व्हती,” तो म्हणाला, “आन् गडू तुजा.” त्यानंतर तो महिपतीच्या ओट्यावर कधी बसला नाही.

हमीद वर्षाची बेरीज घेऊन आला तो दसऱ्यानंतर, पाऊस सरल्यावर. लांबूनच ओरडत आला, “महिपतराव! एकशे शहाण्णव इंच! साहेब लोक याला रेकॉर्ड म्हणतात. असा पाऊस या खोऱ्यात कागदावर कधी चढलाच न...” जवळ आल्यावर त्याने दोघांचे चेहरे पाहिले आणि आवाज उतरवला.

“खैरवन्याचं काय झालं?” धोंडाबाईने विचारले.

“ओव्हरसियरनं लय जोर लावला, मावशी. साहेब म्हणतो, असं साल वीस वर्षांत एकदा येतं. एका सालाच्या भरवशावर मी मशिनं चालवू का? दोन सालं कमी आणि एक जास्त, म्हणजे जास्त आहे तेच वेगळं.” तो घुटमळला. “हिशोबानं तो चुकीचं बोलत नाही.”

महिपतीने मान हलवली. त्या तीन आकड्यांकडे पाहून त्यानेही तेच म्हटले असते.

भिंती बांधायला चार वर्षे लागली. उंबरटेंभी वरच्या उतारावर, डांबराच्या खुणांच्या वर गेली. कोंडाजी ते पाहायला उरला नाही. खैरवण्याची माणसे पांगली. रतनच्या नवऱ्याला लोणावळ्यात रेल्वेच्या हमालीचे काम मिळाले, पण पावसाळ्यात काम कमी असे, तेव्हा ती मुलीला घेऊन आईबापांकडे येऊन राही. नरसाळेही वर हलवले होते, आणि ते वाचायचे काम महिपतीकडेच राहिले होते.

१९१९ च्या आषाढात तलाव पहिल्यांदा भरला. भाद्रपदाच्या अखेरीस भरेल असा कंपनीचा हिशोब होता. पुष्य नक्षत्रही लागले नव्हते, तोच पाणी सांडव्यावरून पांढरे होऊन पडू लागले. त्याचा आवाज उतारावरच्या प्रत्येक घरात ऐकू येत होता. सगळे गाव बाहेर येऊन पाहत उभे राहिले. हमीदही होता, त्याच्या दाढीत आता पांढरे केस आले होते.

“बा,” रतन म्हणाली, “हितलं भरलं, तर आमच्याकडचं पानी कुटं घेनार?”

हमीदच म्हणाला, “घेत नाहीत, पोरी. कालव्याचं दार बंद केलंय. ते तळंही भरलंय म्हणतात. तिकडलं पाणी तिकडंच वाहून चाललंय.”

“म्हंजी आमचं गाव नसतं बुडालं, तरी चाललं आस्तं?”

हमीदने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि तो उतारावरून खाली निघून गेला.

तेव्हा महिपतीने मुलीला सांगितले. तिच्या सासरी निशाणे का लागली, गडू कोणाचा होता, आपण कोणीकडे तोंड करून उभे राहत होतो, सगळे. धोंडाबाई शेजारी उभी होती. तिने एक शब्दही बदलला नाही. रतन खाली पाण्याकडे पाहत ऐकत होती.

“गडूनं किती सांडलं?” तिने विचारले.

“ठावं न्हाई.”

“दोन वर्सं रोज तितं हुबा व्हतास, बा.”

“व्हय.”

त्या दिवशी रतन जेवली नाही. मुलीला मात्र भरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला महिपती घरामागे गेला, तर रतन आधीच नरसाळ्यापाशी उभी होती. पाऊस चालूच होता. त्याने बाटली काढली, पेला भरला, वाचला, ओतला, पुन्हा भरला. शेवटच्या पेल्यासाठी तिने हात पुढे केला. महिपतीने तो तिला दिला. रतनला अंक येत नव्हते. तिने पेला डोळ्यांसमोर, उजेडाकडे धरला, आणि पाणी स्थिर होईपर्यंत पाहत राहिली.

“सांग,” ती म्हणाली. “किती हाय ते मोट्यानं सांग.”

महिपतीने सांगितले.