बेसिनवरचा हात

मी एक जुना काटा आहे. घाबरू नका मित्रांनो, पायात रुतणारा नव्हे, पायाखाली राहणारा. माझ्यावर कुणी उभे राहिले की माझी सुई थरथरते, जरा पुढेमागे करते आणि मग वजन सांगते. ते पाहून कुणाची कळी खुलते, कुणाचे तोंड उतरते. त्यात माझा काही दोष नसतो, पण बोलणी मात्र मलाच बसतात.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याची चपटी पेटी, पोटात एक दणकट स्प्रिंग, पाठीवर काळे रबर आणि आकडे दिसायला काचेची छोटी खिडकी, एवढाच माझा संसार. शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई बसत. त्या प्रत्येक काट्यावर वीस किलोचे लोखंडी वजन ठेवत आणि सुई बरोबर वीसवर येईपर्यंत पोटातला स्क्रू पिळत. मी जरा हट्टी निघालो. दोनदा पिळून घेतल्यावर कुठे वळणावर आलो. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता खरं बोलायचं हं." एवढेच माझे शिक्षण. पण ते मी विसरलो नाही.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणत असे. त्यांची भाची नोकरीसाठी परदेशी निघाली होती आणि तिची बॅग तोलायची होती. बॅग तोलून झाली, भाची गेली आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. वर आले कापडाच्या चिंध्यांचे बोचके. साडेअकरा किलो. बारा वर्षे मी ते वजन इमानेइतबारे दाखवत होतो आणि कुणी म्हणून विचारले नाही.

घरात माणसे दोनच. मास्तर आणि त्यांची थोरली बहीण, ताई. मास्तरांनी लग्न केले नव्हते आणि ताईंचे यजमान लवकर गेले होते. ताई पोस्टात पार्सलच्या खिडकीवर तीस वर्षे काम करून निवृत्त झालेल्या. भाऊ अडुसष्ट वर्षांचा झाला तरी त्या त्याला बाळ्या म्हणत, आणि केस विंचरलेस का, असेही विचारत. मास्तर कुरकुरत आणि मुकाट्याने कंगवा शोधत.

मग एके वर्षी मास्तरांचे हृदय थकले. ते दवाखान्यात आठ दिवस राहून आले, आणि त्याच दिवशी ताईंनी पलंगाखाली वाकून बोचके ओढले व मला बाहेर काढले. बारा वर्षांची धूळ त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. मित्रांनो, त्या फडक्याचा गारवा मला अजून आठवतो.

माझी जागा ठरली बेसिनजवळच्या फरशीवर. ताईंनी एक वही केली आणि पहिल्या पानावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सगळे लिहून काढले. मग ते भावाला सरकारी परिपत्रकासारखे मोठ्याने वाचून दाखवले. हृदयाचा जोर कमी झाला की अंगात पाणी साठते, ते लघवीवाटे उतरवायला ही गोळी आहे. ती रोज सकाळी घ्यायची, संध्याकाळी नाही, म्हणजे झोपमोड होत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि वाढवायची नाही. एखादी राहिली तर भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. जुलाब-उलट्या झाल्या, चक्कर आली तर विचारायचे. गुडघा दुखला म्हणून दुकानातून परस्पर दुखण्याची गोळी आणायची नाही. सांगितल्या वेळी रक्त तपासायचे. आणि रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचे. मास्तरांचे वजन होते चौसष्ट. दोनतीन दिवसांत ते दोन किलो वाढले तर तडक फोन करायचा, कारण ती दोन किलो चरबी नसते, पाणी असते.

तेव्हापासून माझे दिवस फिरले. रोज सकाळी मास्तर माझ्यावर उभे राहत आणि खाली बघून आकडा पुकारत. ताई स्वयंपाकघरातून तो वहीत उतरवत. "चौसष्ट." "लिहिलं." की मग चहा. कधी अर्धा किलो इकडेतिकडे झाला तर ताई येऊन मलाच म्हणत, "काय रे, नीट बघितलंस ना?" बारा वर्षे चिंध्या तोलल्यावर कुणी असे विचारले की बरे वाटते.

पण गोळीचे एक होते. ती घेतली की मास्तरांना तीनचार तास धड बसू देत नसे. घरी ठीक होते, दुकानात पंचाईत होती. त्यांच्या दुकानात संडास नव्हता. रस्ता ओलांडून छापखान्याच्या मागे जावे लागे. शाळेचे गणवेश शिवायचे दिवस आले आणि मास्तरांच्या नाकी नऊ आले. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीला टाचण्या लावून ते जे गेले, ते परत येईपर्यंत बिचारा एक हात आडवा धरून वाहतूक पोलिसासारखा उभा होता. हे मास्तरांनी घरी हसत हसत सांगितले, पण त्यांना ते लागले होते. दुसऱ्या दिवशी गोळी त्यांच्या खिशातच राहिली.

पुढे कामाचा दिवस असला की गोळी खिशात, असेच होऊ लागले. आणि मास्तरांना एक जुनी सवय होती. आठवड्यात राहिलेले काम ते रविवारी दुकान बंद ठेवून, बैठक मारून पुरे करत. त्यांनी गोळीलाही तोच नियम लावला. एका रविवारी त्यांनी दोन गोळ्या एकदम घेतल्या.

सोमवारी सकाळी ते माझ्यावर चढले तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते डुलले आणि आधाराला त्यांनी बेसिनची कड धरली. माझी सुई खाली घसरली. क्षणभर काय झाले ते त्यांनाही कळले नाही. मग त्यांनी हात उचलला, सुई वर गेली. हात टेकला, सुई खाली आली. मास्तर बराच वेळ त्या सुईकडे बघत राहिले.

खरे सांगतो, ते बघणे मला तेव्हाच आवडले नाही.

त्यानंतर दोन गोळ्या एकदम घ्यायला ते धजले नाहीत. पण गोळी खिशात राहणे चालूच राहिले, आणि पाणी साठू लागले. मला ते सगळ्यांच्या आधी कळत होते. त्यांचे तळवे जड पडत, मऊ पडत. त्यांची बोटे माझ्या रबरावर पूर्वीसारखी मोकळी पसरत नसत. वजन पासष्ट झाले, सहासष्ट झाले. पण सकाळी आकडा पुकारायच्या आधी मास्तरांचा उजवा हात हळूच बेसिनवर जाई. आधी दोन बोटे, मग चार, मग अख्खा तळवा. सुई चौसष्टवर आली की ते पुकारत, "चौसष्ट."

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, नुसते खोटे सांगायचे होते. पण ताईंशी तोंडाने खोटे बोलणे मास्तरांना जन्मात जमले नव्हते. म्हणून त्यांनी ते माझ्याकडून बोलवून घेतले, आणि मी जे दाखवले तेच ते प्रामाणिकपणे वाचत. चष्मेवाल्या बाईंची थाप आठवून मला शरमेने मान खाली घालावीशी वाटे. काट्याला मान नसते, ही त्यातल्या त्यात सोय.

ताईंच्या डोळ्यांना मात्र वही पटेना. भावाच्या चपलेचा पट्टा एक भोक पुढे गेला होता. मोजा काढल्यावर पायावर खोल वळ राहत होता. एका उशीच्या तीन उशा झाल्या होत्या आणि आडवे झाले की त्यांना धाप लागत होती. वहीत मात्र पानभर चौसष्ट. एका सकाळी ताईंनी भावाच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. त्यांनी वहीकडे बघितले, पायाकडे बघितले आणि ठरवून टाकले, की काटा बिघडला. त्यांनी मला उचलले आणि दाराशी, भंगारवाल्यासाठी बांधलेल्या रद्दीवर ठेवले.

मित्रांनो, मला त्याचे फार वाईट वाटले नाही. जुन्या वस्तूंना दाराची सवय करून घ्यावी लागते. वाईट याचे वाटले, की मास्तर खुर्चीत बसून सगळे बघत होते आणि एक शब्द बोलले नाहीत. ते नुसते सुईत दोरा ओवत होते. तीनदा चुकला. आयुष्यभर त्यांचा दोरा पहिल्या फटक्यात जात असे.

पण ताई पोस्टातल्या. तिथे रोज सकाळी खिडकी उघडायच्या आधी काट्यावर ठरलेले वजन ठेवून तो तपासायची पद्धत होती, आणि तीस वर्षांची सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही. तपासल्याशिवाय काटा टाकणे त्यांच्या हाताला जमेना. त्या आत गेल्या आणि मास्तरांची जुनी लोखंडी इस्त्री दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. तिच्या पाठीवर सातचा आकडा ओतलेला होता. मला पुन्हा फरशीवर ठेवून त्यांनी इस्त्री माझ्यावर ठेवली. मी श्वास रोखला. सुई थरथरली आणि सातवर उभी राहिली.

ताईंनी इस्त्री उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा सात.

त्या सावकाश उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बेसिनकडे, मग भावाकडे. मला पायानेच सरकवत त्यांनी खोलीच्या मधोमध आणले, जिथे हाताला लागेल असे काहीच नव्हते.

"ये इकडे," त्या म्हणाल्या. "उभा राहा."

मास्तर उभे राहिले. त्यांचा हात सवयीने उजवीकडे गेला आणि हवेतच राहिला.

"हात वर कर," ताई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला सांगतोस ना, तसं. आणि श्वास सोड."

मास्तर माप घेत तेव्हा लोक हमखास पोट आत ओढत. ते हसून म्हणत, श्वास सोडा, कपडा तुम्हालाच घालायचाय. आज त्यांनी दोन्ही हात वर केले आणि श्वास सोडला. मी माझे काम केले. साडेसदुसष्ट.

ताईंनी वाकून आकडा स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "तीस वर्षं पार्सलं तोलली मी. सुतळी धरून हळूच वर उचलणारी माणसं रोज यायची. तिथं कधी फसले नाही. घरात फसले."

मास्तरांचे हात अजून वरच होते. "फोन केलास की डॉक्टरीणबाई मला परत खाटेवर टाकणार," ते म्हणाले. "या वेळी दुकान बंद झालं तर परत उघडायचं नाही ताई, मला माहितीये. मग मी घरात बसून काय करू?"

"दुकान बंद पडलं तर मी स्वतः झाडून उघडीन," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "तुला कुठून आणू?"

मास्तर खाली उतरले. त्यांनी स्वतःच फोन उचलला आणि स्वतःच सगळे सांगितले; खिशातल्या गोळ्या, रविवारच्या दोन, बेसिनवरचा हात, काहीही गाळले नाही. डॉक्टरीणबाईंनी, आता घरी आणखी गोळ्या घेऊ नका, असेच उठून दवाखान्यात या, असे सांगितले.

ती दोघे गेली आणि तीन दिवस मी खोलीच्या मधोमध एकटा पडून होतो. वजन शून्य. बोचक्याखालची बारा वर्षे मला एवढी लांब वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी कुलूप वाजले. आधी ताई आल्या, मागून मास्तर. इंजेक्शन देऊन अंगातले पाणी उतरवले होते, रक्त तपासले होते, चेहरा लहान झाला होता. पिशवीही खाली न ठेवता ते माझ्यावर येऊन उभे राहिले. ताईंनी पिशवी काढून घेतली, आणि मास्तरांनी न सांगता हात वर केले. चौसष्ट. या वेळी ते चौसष्ट माझे होते.

डॉक्टरीणबाई म्हणे त्यांना रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, की दुकानाची अडचण आधी सांगितली असतीत तर गोळीची वेळ बसवून दिली असती. त्यांनी ती बसवून दिली. गोळी आता सकाळी सहाला, आणि दुकान साडेअकराला. दुकानावरची नव्या वेळेची पाटी ताईंनी रंगवली. अक्षर पोस्टातले, लांबून वाचता येणारे.

मास्तरांनी माझी तोंडाने माफी मागितली नाही. काट्याची कोण मागतो? पण गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची त्यांनी माझ्यासाठी खोळ शिवली. आधी गुडघ्यावर बसून, टेप लावून, माझे माप घेतले. मी पोट आत ओढले नाही.

आता मी आणखी जुना झालो आहे. रबर झिजले आहे, काचेला चरा गेला आहे. दर सोमवारी ताई माझ्यावर इस्त्री ठेवून बघतात, आणि मी सात म्हणतो. बेसिनपासून मी आता चांगला चार पावले लांब असतो.

मित्रांनो, काटा, वही, गोळी, आम्ही सगळी मुकी मंडळी. माणूस जेवढे कळू देईल तेवढेच आम्हाला सांगता येते. तुमच्या घरातही कुणी रोज सकाळी असे वजन करत असेल. आकडा जरूर लिहा, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. त्यांच्या पायांकडे बघा, आणि त्यांचे हात कुठे आहेत तेही बघा. टेकलेले असतील तर रागावू नका, काय अडचण आहे ते विचारा. आणि रिकामे असतील तर तुमचा एक हात त्यांच्या हातात द्या.

पण ते माझ्यावरून खाली उतरल्यावर. नाहीतर मला पुन्हा खोटे बोलावे लागेल.