तानिगुचींचा शिक्का

तोमिएबाईंना त्या मालिकेची शिसारी आली ती पहिल्याच भागात, कलिंगडापाशी.

गावप्रमुख हाराडांनी सगळ्या गावाला टीव्हीपुढे बसवलं होतं. सगळं गाव म्हणजे सहा घरं आणि आठ माणसं, त्यातली दोन बहिरी. पडद्यावर त्यांचंच गाव होतं, अ‍ॅनिमेत काढलेलं. तांबडी कौलं तीच, ओढ्यावरचा पूल तोच, तिठ्यावरचा लाल लाळेरं बांधलेला दगडी जिझोबाबा, वाटसरूंचा देव, तोसुद्धा तोच. पण भातखाचरं अशी हिरवीगार की डोळे दुखावेत, आणि बशीएवढ्या डोळ्यांची मिओरी नावाची पोर दिवसभर खिदळत गावभर हुंदडत होती. तिची आजी कलिंगड कापत होती. पाच मिनिटांनी बघावं तर अजून कापतच होती.

"हिला दुसरं काम नाही का?" तोमिएबाई म्हणाल्या. "आणि बसलीय बघा कशी गुडघे दुमडून! या वयाची बाई अशी बसली तर उठवायला दोन माणसं लागतात."

"वहिनी, चित्र आहे हो ते," शेजारी बसलेले योसाबुरो तानिगुची म्हणाले.

"चित्रातल्या बाईला गुडघे नसतात होय?"

योसाबुरो खो खो हसले. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस तोमिएबाईंच्या नवऱ्याचा कोळशाच्या भट्टीवरचा जोडीदार. नवरा गेला, भट्टी गेली, योसाबुरोंची बायकोही गेली. उरले हे भावजी, सत्तर दगडी पायऱ्या चढून गेलं की दिसणाऱ्या घरात एकटे. वर्षात दोनदा पडले होते. पडल्यावर मदतीसाठी दाबायचं, गळ्यात अडकवायचं बटण नगरपालिका फुकट देत होती; ते त्यांनी मांजराच्या गळ्यात बांधलं आणि मांजर पळून गेलं.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगाच नाही. ज्यांनी हे गाव चितारलं ते तीन दिवस येऊन राहिले, फोटो काढले आणि गेले. रानडुकरांनी उकरून ठेवलेली खाचरं, छपरं बसलेली घरं, बावीस वर्षांपूर्वी कुलूप लागलेली शाळा, हे त्यांना दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं, आणि पुसून टाकलं. आणि आता त्या पुसलेल्या गावाचे भक्त खरं गाव बघायला यायला लागले होते. पिवळ्या छत्र्या घेऊन, कारण मिओरीची छत्री पिवळी. तोमिएबाई मुळे उपटत असल्या की बांधावर उभं राहून "अय्या, किती शांत वाटतं ना!" म्हणायचे, आणि त्यांच्याच शेताच्या कडेला आडोसा बघून मोकळे व्हायचे.

या मालिकेने गावाच्या पाटीला हात घातला नसता तर तोमिएबाईंनी हेही गिळलं असतं.

गावात एक फिरती पाटी होती. चिमट्यात कागद: ओढ्याची सफाई कोणत्या रविवारी, अस्वल कुठे दिसलं, लस टोचायला गाडी कधी येणार. सगळ्यांत वरच्या कागदावर घरांची नावं आणि नावापुढे चौकट. वाचलं की आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी न्यायची. अशी पाटी गावोगाव फिरते. पण सात वर्षांपूर्वी वरच्या आळीतल्या सेत्सुबाई घरात मरून नऊ दिवस पडल्या होत्या आणि त्यांच्या दाराबाहेर पाटीही नऊ दिवस पडून होती. तेव्हापासून इथे नियम झाला की पाटी हातातून हातात द्यायची, तोंड बघून. चौकटीतला शिक्का म्हणजे मी जिवंत आहे. आणि त्याखालच्या घराचा शिक्का म्हणजे वरच्याला मी बघितलं.

हाराडांकडून पाटी योसाबुरोंकडे जायची आणि योसाबुरोंकडून तोमिएबाईंकडे. दर आठवड्याला ते पायऱ्या उतरून, पूल ओलांडून यायचे, उंबऱ्यावर बसून चहा प्यायचे, चहा पाणचट आहे म्हणायचे आणि दुसरा मागायचे.

मालिकेत मात्र तिठ्यावर एक लाल पेटी होती. मिओरी पाटी तिच्यात टाकायची आणि उड्या मारत पुढे जायची. गावात अशी पेटी कधीच नव्हती. वसंतात नगरपालिकेच्या पर्यटन खात्यातला सुगिमोरी नावाचा गुळगुळीत पोरगा आला आणि जिझोबाबाशेजारी पेटी ठोकून गेला.

"पाहुण्यांना पाटी बघायला मिळाली पाहिजे हो," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी इथेच येऊन शिक्के मारायचे. अगदी मालिकेसारखं!"

"उद्या मरायलाही इथेच यायचं का?" तोमिएबाईंनी विचारलं.

सुगिमोरी हसला. हाराडा ओशाळून म्हणाले, "वहिनी, चार माणसं येतात तर येऊ देत. गाव जगेल."

"मग लिहून घ्या. वरच्या घराचा शिक्का दिसला नाही तर खालच्याने जाऊन बघायचं. त्याच दिवशी." ही अट तोमिएबाईंनीच घातली, आणि हाराडांनी ती पाटीवर चिकटवली.

चौथ्या भागात मालिकेने कळस केला. मिओरी पाटी घेऊन तानिगुचीआजोबांकडे जाते. आजोबा ओसरीवर पेंगत असतात. ती त्यांना उठवत नाही. हळूच खणातून शिक्का काढते, त्यांच्या चौकटीत मारते, अंगावर पांघरूण घालते आणि पावलं न वाजवता निघून जाते. सगळा देश म्हणे हळवा झाला. महिन्याभरात बसथांब्यावरच्या टपरीत पर्यटन खात्याने 'तानिगुची' असं कोरलेले शिक्के विकायला ठेवले.

"वहिनी, मी आता बाजारात मिळतो," योसाबुरो म्हणाले.

"स्वस्तात असाल."

त्यांचा स्वतःचा शिक्का वडिलांनी लाकडात कोरलेला होता. डावी कड उंदराने खाल्लेली, आणि हात थरथरत असल्याने ठसा नेहमी कललेला. गावात तो कुणीही ओळखला असता.

ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी तोमिएबाई तिठ्यावर गेल्या तेव्हा तिथे आठ-दहा पोरींचा घोळका होता. जिझोबाबापुढे कुणीतरी कलिंगडाच्या आकाराचा केक ठेवला होता. त्यावर मुंग्या चढल्या होत्या, कावळ्याने अर्धा ओढून लाळेऱ्यावर फासला होता. अत्तराचा आणि आंबलेल्या सायीचा वास सुटला होता.

"आजी, एकदा म्हणा ना, 'कलिंगड गार झालंय गं!'" एकीने मोबाइल पुढे केला.

"ऑक्टोबरात? बाजूला हो."

"अगं, अगदी तश्शीच बोलते!" पोरी चिवचिवल्या.

तोमिएबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी पेटी उघडली, पाटी ओढली. योसाबुरोंच्या चौकटीत शिक्का होता. गोल, अख्खा, सरळ उभा, लालभडक.

त्या थांबल्या. डावी कड शाबूत होती. 'नवा घेतला असेल मेल्याने टपरीवरून, थट्टेला,' त्यांच्या मनात आलं. दुसरंही काहीतरी मनात आलं, पण त्यासाठी सत्तर पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या आणि या सगळ्या पोरी मोबाइल धरून मागे आल्या असत्या. तीन मोबाइल तोंडावर होतेच. त्यांनी खिशातून आपला शिक्का काढला, योसाबुरोंच्या खालच्या चौकटीत दाबला, पाटी पुन्हा पेटीत टाकली आणि चालू पडल्या.

त्या दिवशी धुकं होतं. शुक्रवारी संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि वर योसाबुरोंच्या न्हाणीघराच्या धुरांड्यातून धूर नव्हता. पाच वाजता अंघोळ म्हणजे पाच वाजता, बायको गेली त्या दिवशीसुद्धा त्या माणसाने ती चुकवली नव्हती. तोमिएबाईंनी हातातलं भांडं तसंच ठेवलं आणि पायऱ्या चढायला लागल्या. वीस पायऱ्यांनंतर हात टेकून, रांगत.

सरकतं दार उघडलं आणि वास अंगावर आला. योसाबुरो स्वयंपाकघरातल्या मातीच्या जमिनीवर आडवे होते, एक पाय भलत्याच दिशेला. विजार भिजून वाळून पुन्हा भिजलेली. मुळ्याच्या लोणच्याचं पिंप त्यांनी कसंबसं कलंडवलं होतं आणि त्यातलं खारट पाणी ओंजळीने पीत होते. ओठ फुटले होते, त्यावर लोणच्यातला भाताचा कोंडा चिकटला होता.

"वहिनी," ते पुटपुटले, "नाक धरा."

"गप्प बसा मेलं! कधी पडलात?"

"बुधवारी. सकाळी... पाटीकडे निघालो होतो."

"मग शिक्का कुणी मारला?"

"कसला शिक्का?" योसाबुरो म्हणाले.

रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर त्या त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मग न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यातल्या चहाला पाणचट म्हणाले. नवव्या दिवशी गेले.

त्यानंतरच्या मंगळवारी सुगिमोरी दारात उभा. मागे एक पोर, विशीची असेल, काळा झगा घातलेली, हातात शहरातल्या मोठ्या दुकानातला मिठाईचा खोका. तिने शिक्का मारलेल्या पाटीचा फोटो मोबाइलवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, आजोबा, झोपा तुम्ही निवांत. तो फोटो बघून सुगिमोरीने तिला शोधून काढलं होतं.

"या चिहारु," तो म्हणाला. "फार मनाला लावून घेतलंय हो त्यांनी. ओसाकाहून आल्यात, सुट्टी काढून. आपण हे आपसातच... म्हणजे, बाहेर उगाच चर्चा व्हायला नको. त्यांच्याही दृष्टीने आणि, अं, गावाच्याही."

"गावाच्या की तुझ्या टपरीच्या?"

सुगिमोरीने घड्याळाकडे पाहिलं. ते तोमिएबाईंनी पाहिलं.

चिहारु चटईवर आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ जमिनीला टेकवलं. तशीच राहिली आणि हुंदके द्यायला लागली. "चौकट रिकामी होती आजी... तानिगुचीआजोबांची. मला वाईट वाटलं. वाटलं, झोपले असतील आजोबा. चौथ्या भागात मिओरी पण... मला खरंच माहीत नव्हतं हो. मला माफ करा."

तोमिएबाईंना त्या वाकलेल्या पाठीची किळस आली. तिच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यांची आली, खोक्यावरच्या सोनेरी दोऱ्याची आली, सुगिमोरीच्या चेहऱ्यावर घरून घालून आणलेल्या दुःखाची तर सगळ्यांत जास्त आली. अकरा रात्री त्यांनी या पोरीसाठी शिव्या साठवल्या होत्या. तिच्या आईबापापासून सुरू करायचं ठरवलं होतं. आता तोंड उघडलं तर एकही बाहेर येईना. पोर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. आणि दर खेपेला ते तोमिएबाईंच्या काळजात जाऊन रुतत होतं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "ऊठ. खरंच माहीत नव्हतं तुला. तुला कसं असणार?"

"आजीबाई, किती मोठं मन तुमचं—" सुगिमोरी पुढे सरसावला.

"तू गप रे!" त्या पोरीकडे वळल्या. "ऐक. भावजींचा शिक्का डावीकडे उंदराने खाल्लेला. आणि वाकडा उठायचा. चाळीस वर्षं मी तो बघितलाय. तुझा सरळ उठला होता. अख्खा. मला दिसलं."

"दिसलं?" चिहारुने विचारलं.

"पाटी हातात घेतल्या घेतल्या दिसलं. गुरुवारी सकाळी. वर जायला हवं होतं. ती अट माझीच, माझ्याच तोंडची, पाटीवर चिकटवलेली आहे. तुम्हा पोरींचा वीट आला होता मला, आणि पायऱ्यांचा. म्हणून मी त्याच्या खाली माझा मारला. आमच्याकडे खालच्या शिक्क्याचा अर्थ होतो, वरच्याला मी बघून आले. तुझा शिक्का खेळण्यातला होता. माझा खरा होता."

सुगिमोरीने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

चिहारुचं रडणं थांबलं. तिने मान वर करून तोमिएबाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि बसल्या बसल्याच वीतभर मागे सरकली.