फागरलिनची लोकर

हेस्टव्हेर बेटावर सगळ्यांत जास्त जनावरं इंगुनकडे होती, आणि त्यांत एकही गाय किंवा मेंढी नव्हती. होत्या त्या अळ्या. बटाट्याच्या साली आणि बिअर गाळून उरलेला चोथा खाऊन त्या टम्म फुगत. मग त्या वाळवून, दळून त्यांची पूड सॅमन माशांच्या खाद्यात जाई. खाडीतल्या पिंजऱ्यांमध्ये सॅमन वाढवणारा एल्दार आजवर आपल्या माशांना ब्राझीलचं सोयाबीन आणि पेरू देशाच्या समुद्रातल्या माशांची भुकटी घालत आला होता. "मासे वाढवायला मासेच मारायचे, हे मला शाळेत असल्यापासून खटकतंय," तो म्हणे. इंगुनच्या पुडीवर वाढलेला एक पिंजरा बाकीच्यांइतकाच छान भरला, तेव्हा पुढच्या वर्षी सगळ्याच पिंजऱ्यांना ते खाद्य द्यायला तो तयार झाला.

अडचण जागेची होती. अळ्यांना हिवाळाभर ऊब लागते, आणि इंगुनच्या तळघरात आता पाय ठेवायला जागा नव्हती. गरम फरशीचा मोकळा गोठा बेटावर एकच होता आणि तो पशुपालक संघाचा होता.

"गोठा सभासदाला मिळतो," संघाची अध्यक्ष ओडलॉग म्हणाली. "आणि सभासद कोण? तर जो संघाच्या प्रदर्शनात जनावर उतरवतो तो."

"अगं, पण माझ्या अळ्या..."

"कायद्याने पशुधनच आहेत ना? मागच्या सभेत तूच आमचं डोकं खाल्लंस. गायीला जे खायला घालता येत नाही ते अळीलाही घालता येत नाही, वगैरे. मग एक निवड, धू, नाव ठेव आणि शनिवारी घेऊन ये."

"धुऊ?"

"सगळेच धुतात."

इंगुनने यावर नीट विचार केला. उजेड दिसला की अळी भुशात तोंड खुपसते. रिंगणात तिने लाज आणली असती. अळीचा कोश मात्र दगडासारखा पडून राहतो. तिने एक ठसठशीत, तपकिरी कोश निवडला, कोमट पाण्यात बुडवलेल्या बारीक ब्रशने पुसला आणि इथे मेंढ्यांच्या पाठीवर मारतात तसा निळ्या रंगाचा ठिपका त्याच्या पाठीवर मारला. नाव ठेवलं फागरलिन. बेटावरच्या निम्म्या गायींचं नाव तेच होतं, त्यामुळे कोणी हसण्याचा प्रश्न नव्हता.

शनिवारी सकाळी परीक्षक सिव्हर्टने काड्यापेटीत आणलेल्या फागरलिनची तपासणी केली. हा म्हातारा स्वतः मेंढपाळ. जनावराच्या पाठीवरून अंगठा फिरवून तो त्याची सगळी कुंडली सांगत असे. इथे अंगठाच जनावरापेक्षा मोठा होता, म्हणून त्याने इंगुनचं भिंग घेतलं.

"पाठ सरळ. रंग तपकिरी. पाय?"

"नाहीत," इंगुन म्हणाली.

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"हं. स्वभाव?"

"शांत."

"ते दिसतंच आहे. माझ्या एडक्याने शिकावं हिच्याकडून." त्याने भिंग परत दिलं. "आता दुपारी रिंगणात. आणि एक लक्षात ठेव, पोरी. सकाळी पाहिलं तेच जनावर दुपारी दिसलं पाहिजे. जनावर बदलणाऱ्याला संघ पुन्हा दारात उभं करत नाही."

सप्टेंबरचा वारा बोचत होता. इंगुन वॅफल आणायला गेली, तेव्हा ओडलॉगला त्या एवढ्याशा जिवाची दया आली. तिने फागरलिनची काड्यापेटी उचलून कॉफीच्या मोठ्या पिंपावर ठेवली. तिथे सगळी दुपार फागरलिन मस्त शेकत राहिली.

पुकारा झाला. बाकीच्यांसारखा पांढराशुभ्र डगला घालून इंगुन रिंगणात उतरली. जनावर दोरीनेच फिरवायचं असा नियम होता, म्हणून तिने काड्यापेटीला दोरा बांधला होता. लाकडाच्या भुशावरून ती पेटी हळूहळू ओढू लागली. प्रेक्षक अदबीने बघत होते. एक जण शेजारच्याला म्हणाला, "चाल चांगली आहे."

सिव्हर्टने पेटी उघडली आणि तो थबकला. आत एक काळी माशी बसली होती.

"रंग काळा," तो सावकाश म्हणाला. "पाय सहा. आणि हे काय, पंख? इंगुन, हे सकाळचं जनावर नाही."

रिंगणाभोवती कुजबुज पसरली. ओडलॉगने कपाळाला हात लावला. एल्दार कठड्यावरून ओरडला, "अरे सिव्हर्ट, तीच आहे ती! मोठी झाली!"

"एका दुपारीत सहा पाय? माझ्या आयुष्यात कुठल्या जनावराला एक जादा पाय फुटलेला नाही."

इंगुनच्या डोळ्यांसमोर गोठ्याची गरम फरशी तरळून गेली. रूपांतराच्या अवस्था इथे समजावण्यात अर्थ नव्हता. हे लोक काय जाणतात, ते तिला माहीत होतं.

"सिव्हर्ट, वसंतात तुम्ही मेंढी कातरता. त्यानंतर ती तुमचीच राहते ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"आणि पाठीवरचा ठिपका?"

"तो लोकरीबरोबर जातो."

तिने चिमट्याने पेटीतलं रिकामं टरफल उचललं. त्याच्या पाठीवर निळा ठिपका होता. "ही तिची लोकर. पंख बघा, अजून ओले आहेत. आत्ताच कातरून झालंय."

सिव्हर्टने भिंगातून टरफल पाहिलं, माशी पाहिली, पुन्हा टरफल पाहिलं.

"कातरलं कोणी?"

"तिनेच. स्वतःचं स्वतः."

"कात्री न लावता? कोणी धरून न ठेवता?"

"हो."

मेंढपाळांच्या बाकावरून एक खोल उसासा उठला. "आणि आम्ही कंबरडी मोडून घेतली," कोणीतरी पुटपुटलं.

सिव्हर्टने टोपी काढली. "जनावर तेच आहे," त्याने जाहीर केलं. "नोंद मेंढ्यांत करा. लोकर थोडी, पण अखंड."

संध्याकाळी ओडलॉगने गोठ्याची किल्ली इंगुनच्या हातात ठेवली आणि तिला मिठी मारली. "पिंपाच्या उबेत मीच ठेवलं होतं गं तिला. माफ कर. बरं, आता मेंढ्यांत नाव लागलंय, तर मेंढीवाल्यांचा नियम सांगून ठेवते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोठा रिकामा पाहिजे. कळप डोंगरावर."

"सगळा?"

"सगळा. नाहीतर गोठा जातो."

"ओडलॉग, पाखरं खातील त्यांना. निम्म्यासुद्धा परत येणार नाहीत."

"माझ्या तरी कुठे सगळ्या येतात? गरुड काय फक्त तुझ्याच वाटणीला आलेत? म्होरकीच्या गळ्यात घंटा बांध म्हणजे बाकीच्या सोबत राहतात."

इंगुनने किल्लीकडे पाहिलं. जूनपर्यंत एल्दारच्या सगळ्या पिंजऱ्यांना वर्षभर पुरेल एवढी पूड दळून होईल आणि डोंगरावर न्यायला मूठभरच उरतील, हा हिशेब तिच्या डोक्यात लगेच जुळला. किल्ली तिने खिशात टाकली.

घंटेचा प्रश्न मात्र उरला होता. तिने काड्यापेटी उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि फागरलिनची मान कुठून कुठपर्यंत धरायची ते बघू लागली.