पार्नेल स्ट्रीटवरचा चेहरा

मी स्वरांगीचा कॅमेरा बोलतोय. काळा, जरा जडच, उजव्या कोपऱ्यावरचं रबर तिच्या अंगठ्यानं झिजलेलं. थायलंडमधल्या कुठल्याशा कारखान्यात माझे भाग जोडले गेले म्हणे, मला त्यातलं काही आठवत नाही. मी माझा जन्म पुण्यातच धरतो. २०१४ साली स्वरांगी तिथल्या एका दैनिकात छायाचित्रकार होती. दुकानाच्या काउंटरवर तिनं मला उचललं, डोळ्याला लावलं आणि खाली ठेवायचं विसरली.

तिच्या हातात राहून मी एक गोष्ट शिकलो. माणसाचा फोटो काढायच्या आधी ती मला खाली घ्यायची आणि विचारायची, "काढू का?" नाही म्हटलं तर हसून पुढे जायची. ऑफिसातले बाकीचे फोटोग्राफर तिची टिंगल करायचे. "अशानं तुला बातमी कधी मिळायची नाही," म्हणायचे.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि आम्ही डब्लिनला आलो. नवरा हृषीकेश, सॉफ्टवेअर इंजिनिअर, ग्रँड कॅनाल डॉकला एका मोठ्या कंपनीत. सँट्रीला भाड्याचा फ्लॅट. माणूस वाईट नव्हता. भांडी घासायचा, तिच्या आईशी फोनवर गप्पा मारायचा. पण त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा तिथे सरळ नोकरी करता येत नव्हती. कुणी मालक तिच्यासाठी परमिटचे कागद करायला तयार झाला तरच. वर्तमानपत्रं तर स्वतःचीच माणसं कमी करत होती, पुण्याहून आलेल्या बाईसाठी कोण खटपट करणार? सकाळी हृषीकेश बस पकडून गेला की ती खिडकीशी बसायची. समोर पार्किंग, त्यापलीकडे उतरणारी विमानं. मी टेबलावर पडून असायचो.

एक दिवस तिनं मला गळ्यात अडकवलं आणि शहरात जाणाऱ्या बसमध्ये चढली. उतरलो ते पार्नेल स्ट्रीटला.

तिथे आम्हा दोघांना पुन्हा श्वास मिळाला. जुन्या लाल विटांच्या इमारती, वर आयरिश खिडक्या, खाली चिनी पाट्या. काचेमागे उलटी टांगलेली तांबूस बदकं, फुटपाथवर पालेभाजीची खोकी, त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले सीगल. ट्रामसाठी रस्ता मधोमध खणून ठेवलेला आणि त्या चिखलातून वाट काढत हातगाडी ढकलणारे लोक. स्वरांगी तिथे रोज जायला लागली. पहिले काही आठवडे तिनं मला नुसतंच फिरवलं. भाजी घ्यायची, सूप प्यायची, दिसेल त्याला मान हलवायची. मग हळूच विचारायला लागली, "काढू का?"

शाओलान तिथेच भेटली. एका खानावळीच्या खिडकीत बसून ती दिवसभर पिठाच्या पारीत सारण भरायची आणि कडा दुमडायची. स्वरांगी काचेबाहेर उभी राहून बघत राहिली. शेवटी आत गेली आणि म्हणाली, "आमच्याकडे करंजीला अशीच मुरड घालतात." करंजी शाओलानला कुठून ठाऊक असणार? तिनं एक पारी पुढे सरकवली. स्वरांगीनं मुरड घालून दाखवली. दोघी हसल्या. त्या दिवसापासून त्यांची मोडक्यातोडक्या इंग्रजीत मैत्री झाली.

मला मात्र शाओलान पाठ दाखवायची. "फोटो नाही," एवढंच म्हणायची. कारण तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ती डब्लिनला शिकायला म्हणून आली होती. कॉलेज बंद पडलं, व्हिसा संपला, ती राहून गेली. मुलगी तीन वर्षांची असताना तिकडे चीनमध्ये आजीजवळ ठेवलेली. आता ती शाळेत जात होती. भेटायला गेलं तर परत येता येणार नाही, आणि पैसे पाठवले नाहीत तर तिकडे चूल पेटणार नाही. फोनवर मुलगी हल्ली म्हणायची, "तू रडतेस की हसतेस, या छोट्या पडद्यावर मला कळत नाही."

मग एके दुपारी शाओलानच म्हणाली, "माझा एक फोटो काढ. चांगला. माझ्या मुलीसाठी. पण फक्त तिच्यासाठी. दुसरीकडे कुठे नाही."

"कुठेच नाही," स्वरांगी म्हणाली. "शब्द देते."

शाओलाननं अ‍ॅप्रन काढला नाही, फक्त केस मागे घेतले. खिडकीतून ढगाळ, मऊ उजेड येत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला समजलं की ती मला बघतच नाहीये, माझ्या आरपार, दूर कुणाला तरी बघतेय. बटण दाबलं गेलं. एवढ्या वर्षांत मी हजारो चेहरे पाहिले, पण कुणी स्वतःला असं सोपवलं नव्हतं. स्वरांगीनं तो मोठा छापून घेतला आणि शाओलाननं तो मुलीला पाठवला. आमच्यापुरतं ते तिथेच संपलं होतं. फक्त लॅपटॉपमधून तो पुसून टाकायचं स्वरांगीच्या जिवावर आलं.

२०१७च्या जूनमध्ये हृषीकेश म्हणाला, "शुक्रवारी दुपारी ऑफिसला ये. सरप्राइज आहे. कॅमेरा पण आण."

त्याच्या ऑफिसच्या भल्यामोठ्या प्रवेशदालनात लोक हातात ग्लास घेऊन उभे होते. समोरच्या भिंतीवर शाओलान होती, माणसाएवढी उंच. मागे खानावळीची पाटीसुद्धा वाचता येत होती. खाली छापलं होतं, 'डब्लिनचे चेहरे, प्रथम क्रमांक', आणि हृषीकेशचं नाव.

हृषीकेशचा आयरिश मॅनेजर तिला म्हणाला, "काय नजर आहे तुझ्या नवऱ्याची! केवढी माया आहे या फोटोत!"

तिनं हृषीकेशला बाजूला ओढलं. "हा फोटो तुझा नाही."

"हळू बोल, स्वरा. स्पर्धा फक्त एम्प्लॉयींची होती. तुझं नाव टाकता येत नव्हतं."

"मग टाकायचाच नव्हता. मी तिला शब्द दिला होता."

"कुणाला? त्या मोमोवालीला? अगं, तिला कळणार पण नाही. आणि आपल्यात तुझं-माझं असं काय असतं?"

"काढ तो खाली."

"आता कसा काढू? वेबसाइटवर गेला, पुढच्या आठवड्यात बसस्टॉपवर लागणार. काय सांगू त्यांना? बायकोचा फोटो चोरला म्हणून?"

"हो. तेच सांग."

"आणि नोकरी गेली तर? तुझा इथला व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, कळतंय ना?"

तो मॅनेजरकडे वळला तेव्हा त्याचं हसू पुन्हा जागेवर आलं होतं. स्वरांगी दोन पावलं त्याच्यामागे गेली. तोंड उघडलं. मग मिटलं.

फोटो बसस्टॉपवर लागला. पार्नेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरसुद्धा. स्वरांगी धावतच खानावळीत गेली, तर खिडकीत दुसरीच मुलगी बसली होती. मालक म्हणाला, "पाटी दिसते फोटोत. लोक तिला बघायला यायला लागले. उद्या तपासणीवाले येतील. मी काय करू?"

शाओलान मागच्या गल्लीत भेटली, पाठीवर बॅग. स्वरांगी रडत रडत सगळं सांगायला लागली. नवरा, स्पर्धा, व्हिसा. शाओलाननं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"न विचारता फोटो काढणारे खूप आले," ती म्हणाली. "त्यांना मी पाठ दिली. तू विचारलंस, म्हणून चेहरा दिला."

"कुठे जाणार तू?"

"तुला सांगू?" शाओलान म्हणाली आणि चालायला लागली. ती पुन्हा दिसली नाही.

स्वरांगीनं त्या दिवशी मला पिशवीत घातलं आणि बेडरूमच्या कपाटात, इथले लोक ज्याला प्रेस म्हणतात त्यात, ठेवून दिलं.

कंपनीला मात्र हृषीकेशचे आणखी फोटो हवे होते. त्यानं आधी तिलाच सांगून पाहिलं. तिनं मला हात लावला नाही. मग एका शनिवारी तो मला घेऊन स्वतः पार्नेल स्ट्रीटला गेला. भाजीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. एका म्हातारीनं तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. हृषीकेशनं पाठी काढल्या, बंद दारं काढली, सीगल काढले. घरी येऊन म्हणाला, "लाइटच बरोबर नव्हता आज."

२०१९च्या मार्चमध्ये नियम बदलला. व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरी करायची मुभा मिळाली. स्वरांगीला एका औषधाच्या दुकानात काम मिळालं. एकदा आईला फोनवर सांगताना ऐकलं, "हो गं, फोटोचंच काम आहे. पासपोर्टचे काढते. मागे पांढरा पडदा. हसायचं नाही, हलायचं नाही."

परवा मला विकायला काढलं. आज डब्लिनजवळच्या नावन गावातल्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर अलकनंदा बघायला आल्या होत्या. मूळच्या सांगलीच्या, पोट बरंच पुढे आलेलं, बाळासाठी कॅमेरा हवा होता. हृषीकेशनं मला पुसून त्यांच्या हातात दिलं.

"एकदम ग्रँड कंडिशनमध्ये आहे," तो म्हणाला. "मी पूर्वी खूप करायचो फोटोग्राफी. बक्षीसबिक्षीस पण मिळालंय. आता वेळच होत नाही."

स्वरांगी चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवला.

"डॉक्टर, ह्यानं आयुष्यात एकही धड फोटो काढलेला नाही," ती म्हणाली. "बक्षीस माझ्या फोटोला मिळालं. आणि त्यात जी बाई होती, तिची नोकरी त्या बक्षिसापायी गेली."

हृषीकेश हसायला गेला. "हिची आपली गंमत..."

"गंमत नाही," ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी ग्लास घेतलेल्या माणसांसमोर जे म्हणायचं होतं, ते तिनं एका अनोळखी, अवघडलेल्या बाईसमोर म्हटलं. ज्या बाईला त्याचा उपयोग होता, ती डब्लिनमध्ये आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं.

अलकनंदांनी चहा अर्धाच घेतला. मला घेऊन त्या निघाल्या.

आता मी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर आहे, नावनच्या रस्त्यावर. थोड्याच दिवसांत मला एक इवलासा चेहरा दिसेल. त्याला नाही म्हणता येणार नाही. डॉक्टर, तुम्ही त्याचे फोटो जरूर काढा. पण ते कुणाला दाखवायचे, हे ते बोलायला लागेपर्यंत ठरवू नका.

स्वरांगी, तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस. बरं केलंस.