टॉवरकडे पाठ

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. एका दुमजली घराच्या गच्चीवर, कठड्याला आवळलेल्या लोखंडी नळीच्या टोकाशी मी उभा असतो. एक लांब दांडा आणि त्याला आडव्या बसवलेल्या काड्या, मागे लांब आणि पुढे आखूड होत गेलेल्या. दुरून मी माशाच्या काट्यासारखा दिसतो. कावळे माझ्यावर बसतात आणि माझी शोभा करून जातात. पण माझी हकीकत कावळ्यांची नाही. ती दोन जावांची आहे, आणि तिचा बराचसा भाग सुडाचा आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे नळ्या कापणारे यंत्र दिवसभर किंचाळत असे. काड्या बसवणारी बाई प्रत्येक काडी मोजून लावायची आणि शेजारणीला बजावायची, "बोटभर इकडची तिकडे झाली तर हा बहिरा होईल." मी बहिरा झालो नाही. दुकानात माझ्या शेजारी चकचकीत, रंगीत टोपणांचे अँटेने टांगलेले होते. घरातला थोरला भाऊ मला न्यायला आला तेव्हा त्याने रंगाकडे पाहिलेही नाही. टीव्हीचा टॉवर घरापासून किती लांब, मध्ये काय काय आड येते आणि गच्चीवर किती उंच लावता येईल, एवढ्याचाच त्याने दुकानदाराशी काथ्याकूट केला आणि मला खांद्यावर टाकून घरी आणले.

त्या घरात वर थोरला आणि थोरली, खाली धाकटा आणि धाकटी. मला एकच केबल होती. गच्चीच्या दाराशी एका छोट्या डबीत तिला दोन फाटे फुटायचे, एक वरच्या टीव्हीला, एक खालच्या. चित्र इतके स्वच्छ यायचे, की गल्लीतली माणसे चहा इथेच पिऊन जायची. "अँटेना चांगला लागला हो तुम्हाला," असे लोक म्हणायचे, जणू मी घरचा जावईच होतो.

थोरलीला मूल नव्हते. धाकटीला एक मुलगी होती आणि धाकटी औषधांच्या कारखान्यात पाकिटे भरायला जायची. मग ती पोर दिवसभर वरच. तिला सगळे बडबडी म्हणत. थोरलीला ती मोठी आई म्हणायची, तिच्या मागे मागे गच्चीवर यायची, माझ्या नळीला धरून गोल गोल फिरायची आणि तोंडाने कशाचे ना कशाचे वर्णन चालू ठेवायची. थोरली कपडे वाळत घालता घालता सांगायची, "हळू बोल गं. शब्द खाऊ नकोस."

एके दिवशी थोरली चादर झटकायला वळली, तेवढ्यात पोर जिन्याकडे पळाली आणि पायऱ्यांवरून गडगडली. हात मोडला. थोरलीने तिला उचलून अनवाणीच दवाखाना गाठला. प्लॅस्टर घालून परत आली तोवर धाकटी कारखान्यातून पोचली होती. दारात शेजारपाजार जमला होता. सगळ्यांच्या देखत धाकटी म्हणाली, "स्वतःच्या पोटचं असतं तर नजरेआड केलं नसतं, ताई."

मित्रांनो, मी वीज पडताना पाहिली आहे. ते वाक्य तसेच पडले.  थोरलीने पोरीला आईच्या हातात दिले आणि ती वर आली. माझ्याजवळ उभी राहून तिने दोरीवरचे कपडे एकेक करून काढले आणि घड्या घातल्या. कपडे अजून ओलेच होते.

त्यानंतर पोरीचे वर येणे बंद झाले. जावांचे बोलणे बंद झाले. दोघे भाऊ बोलत, पण जिन्यात, चोरासारखे.

मग सुडाला सुरुवात झाली. आधी किरकोळ. थोरली नेमकी धाकटीच्या वाळवणावर पाणी गळेल अशा जागी गोधड्या पिळायची. धाकटी जिन्यात बादल्या आणि चपलांचा असा पसारा मांडायची, की वरून येणाऱ्याला नाचत उतरावे लागे. गच्चीवर हक्क दोघींचा. म्हणून धाकटीने थोरलीच्या दोरीशेजारी स्वतःची तार बांधली, आणि बांधली ती माझ्या दांड्याला. ओल्या सतरंजीच्या वजनाने माझी पुढची काडी वाकली. धाकट्याने "अगं, अँटेना आहे तो" म्हटल्यावर ती म्हणाली, "भंगार आहे ते. त्याचं काय एवढं?"

मी ते विसरलो नाही. त्या दिवसापासून मी थोरलीच्या बाजूचा झालो.

आणि थोरलीला माझा उपयोग कळला. मला जरासे ढकलले, की दोन्ही मजल्यांवर टीव्हीत मुंग्या येत. धाकटीची आवडती मालिका सुरू झाली की थोरली सुकलेले कपडे आणायला वर यायची आणि जाता जाता मला एक कोपरखळी मारायची. खाली धाकटी टीव्हीच्या डोक्यावर थापा मारत बसायची. थोरलीचाही टीव्ही बिघडायचा, पण ती तो बंदच ठेवायची. दुसऱ्याला दिसत नाही, हेच तिचे बघणे होते. मला तेव्हा वाकलेली काडी दुखत नसे.

वर्षे गेली. बडबडी मोठी झाली आणि शिकायला परगावी गेली. मग जुने प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू होणार असे जाहीर झाले. टीव्हीला नवा बॉक्स लावायचा होता, इतकेच. पण धाकटीने ही संधी साधली. "डिजिटलला डिजिटल अँटेना लागतो," ती नवऱ्याला म्हणाली. "आता वरच्या भंगाराशी आणि वरच्या माणसांशी संबंध नको." मित्रांनो, ही समजूत अनेकांची असते. लहरी टॉवरवरून येतात, आणि आमच्या टॉवरची नवी प्रक्षेपणे माझ्या काड्यांना चांगली पकडता येत होती. पण धाकटीने दुकानातून पातळ, काळा, वहीच्या पुठ्ठ्यासारखा अँटेना आणला. दुकानदाराने विचारले होते म्हणे, "खिडकी टॉवरच्या बाजूला आहे ना?" तिने हो म्हणून टाकले. तिची खिडकी होती मागच्या गल्लीत, समोर शेजारच्या इमारतीची भिंत.

तो पुठ्ठा आधी खिडकीच्या काचेला चिकटला. मग कपाटावर गेला, फ्रिजवर गेला, दाराच्या चौकटीला लटकला. डिजिटल चित्र पूर्वीसारखे हळूहळू धूसर होत नाही. ते चौकोनांत फुटते, माणसाचे तोंड अर्धे उघडे असताना थिजते आणि मग पडदा काळा पडून त्यावर येते, सिग्नल नाही. खालून धाकटीचा आवाज यायचा, "तिथेच धर. हलू नकोस. हललास." धाकटा पुठ्ठा डोक्यावर घेऊन उभा असायचा. मी वर उन्हात उभ्या उभ्या तृप्त होत होतो.

शेवटी भावांनी जिन्यात कुजबुजून ठरवले, की खालचा फाटा पुन्हा मलाच जोडायचा. थोरला बायकोला विचारायला भीत होता. तिने शांतपणे सांगितले, "जोडा की. माझ्या हातात राहील."

आता ऐका. बडबडीला टीव्ही केंद्रात नोकरी लागली. एका दुपारी ती पहिल्यांदाच बातम्या वाचणार होती. धाकटीने अख्ख्या गल्लीला सांगितले, दूधवाल्याला सांगितले, इस्त्रीवाल्याला थांबवून सांगितले. वरच्या मजल्याला तेवढे सांगितले नाही. थोरलीला ते कळले नवऱ्याकडून, भाजी निवडताना. तिने विचारले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"धाकट्याने."

"आणि मला कुणी सांगणार होतं?"



त्या दुपारी खाली सतरंज्या अंथरल्या गेल्या, शेजारी जमले. थोरली पाना घेऊन गच्चीवर आली. या वेळी कोपरखळी नव्हती. तिने नळीला कठड्याशी आवळणाऱ्या पट्टीचा गंजलेला नट दोन्ही हातांनी जोर लावून सैल केला आणि मला पुरते फिरवले. मी टॉवरकडे पाठ करून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला समोर टॉवर दिसत नव्हता. दिसत होती थोरली, पाना हातात, ओठ घट्ट मिटलेले. मित्रांनो, ती खूश दिसत होती. खाली गलका झाला, "गेलं. सिग्नल नाही म्हणतंय." धाकटीचा आवाज चिरका झाला. मी मनात म्हटले, भंगार काय करू शकते ते बघ.

जिन्यात पावले वाजली. धाकटी वर आली. तिने मला पाहिले, पाना पाहिला.

"तुम्ही फिरवलात."

"हो."

"आजच?"

"आजच. तुला काय वाटलं, मी विसरले?"

धाकटी धापा टाकत होती. मला वाटले आता भांडण जुंपणार, गल्ली वर येणार. पण ती खाली बघून म्हणाली, "बातम्या वाचणार हे कळवताना पोरीने फोनवर पहिलं एकच सांगितलं होतं. मोठ्या आईला सांग, म्हणाली. मीच सांगितलं नाही."

"का?"

"'आई, तू बघ' असं म्हणाली असती तर... आधी तुम्हालाच सांग म्हणाली, ताई. माझ्या आधी तुमचं नाव घेतलं."

 थोरलीने पाना खाली टाकला आणि नळी धरून मला उलट फिरवायला लागली. पट्टी इतक्या वर्षांच्या गंजाने पोखरली होती. ती कडकन तुटली आणि मी कलंडलो. थोरलीने मला छातीशी धरले म्हणून वाचलो.

"आता हे उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "मी धरते. तू जा खाली."

"तुम्ही जा. मी धरते."

"तुला टॉवर कुठे आहे तेही माहीत नाही. जा."

धाकटी खाली पळाली. दारे सताड उघडली गेली. थोरलीने मला उचलून टॉवरकडे माझे तोंड केले आणि जिन्यात ओरडली, "आलं का?"

"नाही. काळंच आहे."

"आता?"

"चौकोन दिसतायत. थोडं उजवीकडे, ताई."

"माझ्या उजवीकडे का तुझ्या?"

"तुमच्या. बस. आलं. हलू नका."

एका वाक्यासाठी ज्या दोघी इतकी वर्षे मुक्या राहिल्या होत्या, त्या जिन्यातून एकमेकींना उजवे-डावे सांगत होत्या. धाकटीने आवाज शेवटपर्यंत वाढवला. बडबडीचा आवाज जिन्याने वर चढला. थोरलीला पोरीचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते पाण्याच्या टाक्या, छपरे आणि लांबवर टॉवर. ऊन डोक्यावर होते, गंज तिच्या पदराला लागत होता, दंड थरथरत होते. बातम्या ऐकता ऐकता ती पुटपुटत होती, "हळू. घाई नको करू. वाक्य संपू दे."

माझ्या दांड्यातून ते चित्र जात होते, मित्रांनो, आणि ते मलाही दिसत नव्हते. मला फक्त तिच्या छातीची धडधड नळीतून जाणवत होती.

बातम्या संपल्यावर धाकटी सुतळी घेऊन वर आली. दोघींनी मिळून मला कठड्याला बांधले. धाकटीने गाठ मारली, थोरलीने ती सोडून पुन्हा नीट मारली. त्या वाक्याची माफी त्या दिवशी कुणी मागितली नाही. नंतर मागितली असेल तर खालच्या मजल्यावर मागितली असेल. मी गच्चीवर असतो, मला ठाऊक नाही. पुढे थोरल्याने नवी पट्टी बसवली. वाकलेली काडी तशीच आहे, आणि धाकटीवर माझा थोडा राग अजून आहे.

तुमच्या छतावर माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यासाठी एवढे करा. अधूनमधून वर जा, नट आवळा, गंज खरवडा, केबलचे टोक कोरडे आहे का बघा. त्याला दोऱ्या बांधू नका. नवा घ्यायचा झाला तर रंगावर आणि नावावर जाऊ नका; टॉवर कुठे आहे ते आधी बघा. आणि आम्हाला कुणावर राग काढायला फिरवू नका. आम्ही तुम्ही फिरवाल तिकडे फिरतो. तेवढ्या वेळात कुणाची तरी पोर बोलून जाते.