पडायसाठी घेतलेलं विमान

मी रिमोटवर उडणारं एक विमान आहे, पण मला बघून कुणी पटकन विमान म्हणत नाही. अंग पांढऱ्या फोमचं, पंख लांब आणि वरच्या बाजूला, फिरणारा पंखा पाठीमागं. वजनाला भाकरीच्या परातीपेक्षाही हलका.

सोलापूरच्या दुकानात माझ्या शेजारी एक लढाऊ विमान होतं. काळंभोर, टोकदार. येरमाळ्याहून आलेल्या दहा वर्षांच्या गिरिजाचा जीव त्याच्यावरच जडला होता. तिचा भीमाशंकर मामा म्हणाला, "ते लई जोरात पळतंय. तू विचार करंपर्यंत मातीत जाईल. पहिलं विमान पडायसाठीच घ्यायचं असतं, बाई. हे हळू उडतंय, अन् पडलं तर चिकटवता येतंय."

"घ्यायच्या आधीच पाडलंस व्हय, मामा?"

व्हिडिओ कॉलवर तिची आई शिवलीला होती. तिनं एकच विचारलं, "पोरीच्या बोटाला तर लागणार न्हाय ना?" मामानं माझा पंखा पाठीमागं, बोटांपासून लांब आहे, हे फोनसमोर धरून दाखवलं. तेव्हा कुठं मी ठरलो.

रविवारी सकाळी, वारा नसताना, मला गावाबाहेरच्या माळावर नेलं. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नवी गाडी आली की करतात तसंच. मग तिनं काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची ओवून माझ्या शेपटीला बांधली. मामानं ते पाहिलं. नको म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या, पण बहिणीचा चेहरा बघून म्हणाला, "असू दे, अक्का."

त्यानं मला फेकलं. माझं नाक वर, आणखी वर गेलं. रिमोट गिरिजाकडं होता. क्षणभर मी हवेत उभाच राहिलो आणि धपकन खाली आलो. नाक तुटलं, एक पंख चिरला.

गिरिजानं रिमोट गवतावर ठेवला. "माझ्याच हातानं पडलं. मला न्हाय शिकायचं."

आईला मनातून हेच हवं होतं, असं मला वाटलं. रात्रंदिवस तिला पोरीची काळजी. आता गप्प राहिली असती, तर पोरगी घरात आणि मी कायमचा माळ्यावर. ती माझं तुटकं नाक बघायला खाली वाकली.

मग म्हणाली, "तुझा हात न्हाय चुकला गं. लिंबू म्या बांधलं."

"अन् म्या बघून बांधू दिलं," मामा म्हणाला. "शेपूट जड झालं, म्हणून नाक वर गेलं." त्यानं दोरा तोडला आणि माझ्या पंखांखाली दोन बोटं धरली. मी सरळ तोलून राहिलो. गिरिजा जवळ येऊन बघू लागली.

मला चिकटवून झाल्यावर, पुढच्या रविवारी मामा रिमोट शिकवायला गिरिजाच्या शेजारी उभा राहिला, म्हणून मला फेकायचं काम आईकडं आलं. मोटर फिरत होती, तिची बोटं सुटत नव्हती.

"आई, सोड की!"

तिनं सोडलं. त्या दिवशी माळाला दोन चकरा मारून मी गवतावर उतरलो.

आता माझ्या नाकावर तीन चिकटपट्ट्या आहेत. गिरिजा एकटी उडवते. तिला ते काळं विमान पुन्हा खुणावतंय. घ्या, माझी ना नाही.

एकच मागणं आहे. आई अजूनही मला डोक्यावर धरून थोडा वेळ थांबते. तिला हसू नका, घाई करू नका. ती सोडते. दर वेळी सोडते.