सगळ्यांना सारखा हार

मी एक फाइल बोलतेय. मला आडनाव नाही, चेहरा नाही, आणि खरं सांगायचं तर डोकंही नाही. नांदेडच्या एका वधू-वर मंडळाच्या वेबसाइटची सगळी पानं एकसारखी दिसावीत, एवढ्यासाठी मला जन्माला घातलं. अक्षर केवढं, रंग कुठला, फोटोची चौकट कशी, हे माझ्यात एकदा लिहायचं, की ते सगळ्या पानांना लागू. डोकं नाही पण शब्द सगळीकडे चालतो, अशी मंडळी तुमच्याही पाहण्यात असतील.

माझ्याआधी तिथे नुसता बाजार भरला होता. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यानं आपलं पान आपल्या आवडीनं सजवलेलं. धर्माबादचं पान मिरचीसारखं लालभडक, हिमायतनगरच्या पानावर नावं लुकलुकायची, आणि देगलूरच्या पानावर तर मुलामुलींपेक्षा कार्यकर्त्याचाच फोटो मोठा. मंडळाचे अध्यक्ष रविकांत सर, निवृत्त शिक्षक. त्यांची सून बुद्धप्रिया कॉम्प्युटर शिकलेली. तिनं एका सुट्टीत मला लिहून काढलं आणि सगळ्या पानांना पांढऱ्या-निळ्या रंगाची शिस्त लावली.

"मामा, आता बघा. एका जागी बदललं की सगळीकडं बदलतंय."

"लई भारी काम केलंस," सर म्हणाले. त्यांनी सुनेचं कौतुक केलं आणि फुगले मी.

मनिषाचं पान माझ्याकडे पहिल्यापासून होतं. ती देगलूरला सरकारी दवाखान्यात नर्स. वय तिशीपुढचं, आणि नोकरी सोडणार नाही हे ती पहिल्याच भेटीत सांगून मोकळी व्हायची. स्थळं यायची, पोहे खायची आणि जायची. शेवटी लातूरच्या दयानंदशी जुळत आलं. तो आयटीआयमध्ये शिकवायचा, घरी फक्त आई. फोनवर दोन्हीकडून होकार झाला होता. रविवारी मायलेक देगलूरला बघायला येणार होते. मनिषानं घरी सांगून टाकलं होतं, की आता हे शेवटचं. यापुढं ती कुणापुढंही बसणार नाही.

नेमके त्याच आठवड्यात ग्यानोबा काका वारले. हे मंडळ त्यांनीच उभं केलेलं. बुद्धप्रिया त्यांच्या घरच्यांसोबत राहायला धर्माबादला गेली. इकडे शनिवारी संध्याकाळी सरांच्या मनात आलं, की काकांचा फोटो वेबसाइटवर लागलाच पाहिजे. फोटो काळा-पांढरा, त्याला हार, खाली 'भावपूर्ण आदरांजली'. हाराची चौकट सुनेनं मागे कधीतरी करून ठेवली होती. ती एकट्या काकांच्या फोटोला लावायची सोडून सरांनी माझ्यात लिहून टाकली. काकांचा फोटो डोळे भरून पाहिला, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटर बंद केला.

आता मी काय करावं? फोटो दिसला की हार, एवढंच मला कळलं. मी भेदभाव केला नाही. मंडळातल्या झाडून सगळ्या उपवर मुलामुलींना काळंपांढरं करून हार घातले. खुद्द रविकांत सरांनाही घातला. आपण किती चोख काम करतो, म्हणून मी रात्रभर स्वतःवर खूश होते. सकाळी सरांच्या घरी सांत्वनाचे फोन सुरू झाले आणि ते सर स्वतःच उचलू लागले.

शेवटी बुद्धप्रियाचा फोन आला. "मामा, काय केलात हे! समद्यांना हार घातलात की!"

"आगं, तूच म्हनली होतीस ना, एका जागी बदललं की सगळीकडं बदलतंय म्हणून?"

तिनं तिथूनच घाईघाईनं हार उतरवले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. लातुरात दयानंदची आई, उमाबाई, निघण्याआधी शेजारणीला मुलगी दाखवायला गेल्या होत्या, आणि मोबाइलवर मनिषाचा हार घातलेला फोटो निघाला होता.

पुढचं सगळं उमाबाईंनी नंतर मंडळात येऊन बुद्धप्रियाला सांगितलं, तेव्हा मला कळलं. फोन करून विचारू, असं दयानंद म्हणाला, तर त्या त्याच्यावर डाफरल्या.

"ज्या घरातली लेक गेली, त्या घराला फोन करून इचारतोस? जाऊन भेटावं लागतंय."

"आई, आपलं आजून नातं बी जुळलं न्हाई."

"पोरगी तुला हाव म्हनली होती. तेवढं नातं बस हाय."

दोघांनी पांढरे कपडे घातले आणि उदगीरवरून देगलूर गाठलं.

तिकडे मनिषानंही सकाळी दयानंदचं पान उघडलं होतं. माझ्या कृपेनं तोही गेलेला. तिनं नवी साडी कपाटात ठेवून दिली आणि बसून राहिली. दुपारी दार वाजलं म्हणून उठली, तर समोर पांढऱ्या कपड्यांत दयानंद उभा.

"तुमी... हायेत?" दयानंदनं विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "आन तुमी?"

उमाबाई दारातच खाली बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. चहा झाल्यावर त्यांनी मनिषाला विचारलं, आता या गोंधळानंतर तुझं मन काय म्हणतंय?

"मला बघायला लई जन आले," मनिषा म्हणाली. "माझ्यासाठी रडायला कुनीच आलं नव्हतं. माझा हाव हाय."

हे ऐकून मला माझी फार लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. आता मला पासवर्ड लावलाय आणि सरांना मला हात लावायला बंदी आहे. ती योग्यच आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल, एका शब्दावर सगळ्यांना सारखं वागवणारं, तर हुकूम देण्याआधी जरा विचार करत जा. आम्हाला तो करता येत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर पेढ्यांचा पुडा मंडळाच्या टेबलावर ठेवून उमाबाई बुद्धप्रियाला म्हणाल्या, "आता दोघांची पानं काढून टाक बाई." लग्न जमलं की पान काढायचं, ही मंडळाची रीतच आहे. बुद्धप्रियानं दोन्ही पानं काढली. मनिषाचं पान मी इतकी वर्षं नीटनेटकं ठेवलं, ते जाताना मला फार आनंद झाला. तुमचं पान माझ्याकडे असेल, तर तेही असंच लवकर जावो.